आमच्यातला उत्तरजीवी

आपल्या मागे बायकोचे हाल होऊ नयेत अशी इच्छा नवऱ्यानं मनात जरूर धरावी, पण ती बोलून दाखवू नये, आणि बँकेत तर मुळीच नेऊ नये. मी नेली. त्यानंतर आमच्या घरात जे काही झालं ते पाहता, काहीही व्यवस्था न करता मी एखाद्या दिवशी गुपचूप निघून गेलो असतो तर सगळ्यांनाच कमी त्रास झाला असता, असं माझं प्रामाणिक मत झालं आहे. हे मत मी घरात बोलून दाखवलेलं नाही. घरात सध्या मरणाशी संबंध असलेला कुठलाही शब्द काढायला बंदी आहे. परवा दिग्रसच्या उन्हातून घरी आलो आणि सवयीनं “मेलो बावा उन्हानं” म्हणालो, तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही. कोणी म्हणजे सोनीबाई. घरात आम्ही दोघंच आहोत.

सुरुवात शेजारच्या डोमाजींपासून झाली. डोमाजी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. माणूस इतका व्यवस्थित की चपलासुद्धा भिंतीला समांतर काढून ठेवायचा. मागच्या दिवाळीनंतर छातीत कळ येऊन ते गेले, आणि मग इंदूबाईंना कळलं की बँकेतलं खातं एकट्या डोमाजींच्या नावावर आहे आणि नॉमिनी म्हणून त्यांनी आपल्या आईचं नाव दिलेलं आहे. ती माउली डोमाजींच्या कितीतरी आधी वारलेली. म्हणजे पैसे न्यायला जिनं यायचं ती येऊ शकत नव्हती, आणि जी रोज येत होती तिला बँक ओळखत नव्हती.

इंदूबाई संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. मृत्यूचा दाखला झाला होता, प्रतिज्ञापत्र झालं होतं, सुरतच्या मुलीची सही येऊन झाली होती, आणि आता बँकेनं कोर्टाचं वारस प्रमाणपत्र मागितलं होतं.

“रोज तेच कागद नेऊन राह्यली भाऊ, न् रोज तेच वापस आनून राह्यली,” त्या म्हणायच्या. “हे गेले त्याचं रडनं तं राहूनच गेलं. रडाले टाइमच नाई भेटला.”

हे वाक्य माझ्या काळजात रुतून बसलं. मी पाटबंधारे खात्यातून नुकताच निवृत्त झालेला वरिष्ठ लिपिक. सगळं आयुष्य मी कागदांच्या बाजूनं, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं काढलं. माझ्या बायकोवर ही पाळी येता कामा नये. माझंही खातं एकट्याच्या नावावर होतं. मी ठरवलं की सोनीबाईचं नाव त्यात घालायचं. एका सकाळचं काम, असा माझा अंदाज होता. पाटबंधारे खात्यात राहूनही माणूस असे अंदाज कसे करतो, हा एक वेगळा विषय आहे.

बँकेत उर्वशी मॅडम नावाची एक तरुण, हसतमुख मुलगी बसते. तिनं मला फॉर्म दिला आणि समजावून सांगितलं. संयुक्त खातं करताना ते चालवायचं कसं, हे ठरवावं लागतं. तिनं एका चौकोनावर बोट ठेवलं. तिथं छापलं होतं: ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा उत्तरजीवी’.

“म्हणजे दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकतं काका. आणि एक जण गेला की जो मागे राहील त्याचा अधिकार तसाच सुरू राहतो. त्यालाच उत्तरजीवी म्हणायचं. फक्त काकूंना एकदा सहीसाठी घेऊन या.”

मला तो शब्द फारच आवडला. उत्तरजीवी! कसा भारदस्त वाटतो. परमवीर, दीर्घजीवी, उत्तरजीवी. घरी जाताना मी तो दोन-तीनदा मोठ्यानं म्हणूनही पाहिला. इंदूबाई बिचारी नुसती विधवा झाली, आपल्या सोनीबाईला मात्र उत्तरजीवी होता येईल, असं मनात येऊन मला स्वतःचं कौतुक वाटलं.

सोनीबाई अंगणात बसून तूर पाखडत होती. मी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि फॉर्म वाचून दाखवला.

“म्हंजे कसं, का दोघांतून एक गेला, का जो मांगं राह्यते तो उत्तरजीवी. त्याले बँकेत भांडा लागत नाई. गेलेल्याचा दाखला दाखवला, का झालं.”

सूप थांबलं.

“कोन जाईन?”

“कोनीही. आता समज, मी गेलो—”

“न् मी मांगं राह्यली?”

“हो. म्हंजे तू उत्तरजीवी.”

तिनं सूप खाली ठेवलं. तूर सगळी अंगणात सांडली, तिकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. “मले जितेपनीच विधवा करून राह्यले का तुमी? न् तेही कागदावर? न् वरून मीच सही करू?”

इथं थोडं सांगायला हवं. आमची सासू, म्हणजे सोनीबाईची याडी, महागावकडच्या तांड्यात सासऱ्यांच्या आधी गेली. केसांतली घुगरी-टोपली, दंडावरचा चुडा, सवाशिणीचं सगळं लेणं अंगावर असताना गेली. तांड्यातल्या बायका अजून तिचं नाव काढतात ते हेवा करत. सोनीबाईनं तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं की आपणही तसंच जायचं. ती स्वतः पातळ नेसते, घुगरी-टोपली तिनं अंगावर कधी घातली नाही, पण कार्यक्रम ठरलेला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि या कार्यक्रमात मागे राहण्याचं काम माझ्याकडे दिलेलं आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

“अवं पन त्यात तुवं नाव लिहेल नाई! ‘दोघांपैकी’ लिहेल हाय! मीही असू शकतो!”

“मंग तसं लिहून आना. उत्तरजीवी देवसिंग राठोड. मी आत्ता सही करतो.”

असं लिहिता येत नाही, हे मी तिला तऱ्हेतऱ्हेनं सांगून पाहिलं. मरणाचा क्रम बँकेला आधी कळवण्याची सोय नाही. ती म्हणाली, मग तुमची बँकच बरोबर नाही.

दुसऱ्या दिवशी मी चूक केली. सकाळी फिरायला जाताना मी हे राजकुमारला सांगितलं. राजकुमार आमच्या गल्लीतच राहतो आणि विमा उतरवतो. गल्लीतल्या प्रत्येकाकडे तो अशा नजरेनं पाहतो की आपण मेल्यावर कसे दिसू हे त्याला आधीच ठाऊक आहे असं वाटतं.

“साहेब, कायले टेन्शन घेता?” तो म्हणाला. “हे सारं सरासरीवर चालते. बाया जास्त जगते. तुमी काकूपेक्षा मोठे, तुमाले बीपी हाय, वरून रिटायर. रिटायर मानूस लवकर खचते. तुमीच पहिले जाता, हे फिक्स हाय. मी समजावतो काकूले.”

आणि तो खरोखर आला. आमच्या बैठकीत बसून त्यानं टॅबलेटवर सोनीबाईला रंगीत रेघा दाखवल्या. निळी रेघ पुरुषांची, गुलाबी बायकांची. निळी रेघ मधेच संपते आणि गुलाबी पुढे जात राहते. माझ्या देखत, माझ्या खुर्चीत बसून, तो माझी निळी रेघ बोटानं दाखवत होता.

“पाहा काकू, साहेब इथं संपते.”

सोनीबाई उठली आणि आत गेली. चहा येईल म्हणून राजकुमार बराच वेळ बसला. चहा आला नाही. आमच्या घरातून कोणी चहाविना गेल्याची ती पहिलीच वेळ, आणि त्या अपमानाचा वचपा त्यानं कसा काढला ते आता सांगतो. मुद्दाम काढला असं मी म्हणणार नाही. तो फक्त भेटेल त्याला, आवाज खाली आणून, एवढंच म्हणत राहिला: “राठोडसाहेब सगळं मांगचं-पुढचं करून ठेवून राह्यले. का झालं काय माईत.”

दिग्रसहून बातमी पुसदच्या गाडीत बसली, पुसदला गाडी बदलली आणि महागावला उतरली. उतरेपर्यंत तिचं वजन बरंच वाढलं होतं. तांड्यात पोचली तेव्हा मला मोठा आजार झालेला होता, नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि मी बायकोची सोय लावून डोळे मिटायची वाट पाहत होतो.

रविवारी दुपारी मी बनियनवर, स्टुलावर चढून कूलरचं गवत बदलत होतो. आठवडी बाजार असल्यानं सोनीबाई भाजीला गेली होती. तेवढ्यात दारात जीप थांबली आणि तिच्यातून माझा साळा जीवन, त्याच्यामागे सोनीबाईची मावशी सुखीबाई आणि तांड्यातल्या आणखी बायका उतरल्या. जीवननं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“काई वेगो, भाऊजी?” तो म्हणाला. काय झालं, असं विचारताना माणसाच्या आवाजात एवढी निराशा मी कधी ऐकली नव्हती.

मी स्टुलावरून उतरायच्या आत बायका घरात शिरल्या. आमच्या बंजारा लोकांत एक रीत आहे. बायका खूप दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. साधं रडणं नाही, सुरात, शब्द जुळवून. आईबाप, गेलेली माणसं, सोडलेलं माहेर, सगळं त्या रडण्यात येतं. दुःख असावंच लागतं असं नाही. आनंदाच्या भेटीतही रडतात, आणि रडून झालं की डोळे पुसून हसत गप्पांना लागतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या जगात असंच भेटतात.

जीप पाहून शेजारून आत आलेल्या इंदूबाई सोनीबाईच्या नात्यातल्या आहेत असं समजून, की पुष्कळ दिवसांत कुणाच्या गळ्यात पडायला मिळालं नव्हतं म्हणून, कोण जाणे, सुखीबाईनं त्यांनाच मिठी मारली आणि सूर लावला. इंदूबाई आधी गांगरल्या. मग त्यांचाही बांध फुटला. डोमाजी गेल्यापासूनचं सगळं राहून गेलेलं रडणं त्या दुपारी आमच्या बैठकीत बाहेर पडलं. बाकीच्या बायकांनी सूर धरला. रडणं खिडकीतून बाहेर गेलं आणि गल्लीत पोचलं.

गल्लीला एवढंच कळलं: मागचं-पुढचं करून ठेवत होते ते राठोडसाहेब. बाहेरगावची जीप. बायकांचा आकांत.

माणसं जमायला लागली. किराणावाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं. समोरच्या बिऱ्हाडानं टीव्ही बंद केला. कुणीतरी खुर्च्या मागवल्या, आणि त्या इतक्या लवकर आल्या की त्या आधीच कुठंतरी तयार ठेवल्या होत्या की काय, अशी शंका मला अजून येते. राजकुमार पांढरा शर्ट घालून आला. तो कुणाला तरी सांगत होता, “म्या तं सांगतलंच होतं, निळी रेघ.”

मी बनियनवर, हातात कूलरचं गवत घेऊन दारात आलो.

माझं आयुष्य सरळ गेलेलं आहे. मी कुणाचं वाईट केलं नाही. तरीही मला जिवंत पाहून एवढ्या लोकांचे चेहरे एकदम पडलेले पाहणं माझ्या नशिबी होतं. सगळ्यांनी हायसं वाटल्याचं दाखवलं, ते माणुसकीला धरून होतं. पण किराणावाला शटर वर करताना पुटपुटला, “गिऱ्हाईक गेलं ना बाप्पा चांगलं,” ते मी ऐकलं. त्याच्याकडून साबण आणणं मी बंद केलं आहे.

मी या सगळ्यावर चिडून तावातावानं बोलत होतो, म्हणून गर्दीच्या टोकाला उभी असलेली सोनीबाई मला आधी दिसलीच नाही. ती बाजारातून येत होती. आपल्या दारात माणसं, खुर्च्या, आतून मावशीचा रडण्याचा सूर. ती तिथंच उभी राहिली होती. पिशवी हातातून सुटली होती आणि टमाटे उतारानं नालीकडे चालले होते. माणसं बाजूला झाली तेव्हा तिनं मला पाहिलं. जवळ आली. माझ्या दंडाला हात लावून पाहिला. मग त्याच दंडावर सगळ्या गल्लीसमोर असा धपाटा मारला की गवत हातातून उडालं.

“पाय नाई हालले माये,” ती आत आल्यावर म्हणाली.  “घर समोर हाय न् जाता नाई येऊन राह्यलं. हे मले पाह्यचं नाई. तुमी काही करा, पन मले पहिले जाऊ द्या.”

 मला तिची कीव आली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. हिनं आपलं बघितलं. मी मागे राहून काय करायचं, हा प्रश्न हिच्या डोक्यात एकदाही येऊ नये?

पाहुणे मुक्कामाला राहिले. मी मरत नाही हे ठरल्यावर त्यांनी आणलेला कोंबडा कापला गेला, आणि जेवताना सगळे मिळून माझ्या मरणावर चर्चा करू लागले. जीवनचं म्हणणं पडलं की बँकेच्या पोरीला काय कळतं, वकिलाला विचारा. रूपसिंग वकील त्याच्या ओळखीचे निघाले. सोमवारी आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो.

वकिलांनी सांगितलं की उत्तरजीवी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देते आणि मोकळी होते, एवढाच त्याचा अर्थ. बाकीच्या वारसांचा हक्क जिथल्या तिथं राहतो. आमची एकच मुलगी, बबिता, नागपूरला असते. ती फोनवर आधीच म्हणाली होती की तुम्ही हे भांडण तरी मिटवा, बाकी मला काही नको. तेव्हा तो प्रश्न नव्हता.

“न् दोघंही संगंच गेले तं?” सोनीबाईनं एकाएकी विचारलं. “समजा, जीप पलटली?”

जीवननं दचकून बाहेर उभ्या असलेल्या आपल्या जीपकडे पाहिलं.

वकील खुलले. त्यांना हा प्रश्न कधी कुणी विचारला नसावा. “त्याचा कायदा हाय बाई. दोघं एका अपघातात गेले, न् पहिले कोन गेलं ते समजलं नाई, तं वारसाच्या कामासाठी कायदा असं धरते का वयानं लहान तो मांगून गेला. म्हंजे लहान मानूस मांगं राह्यला. उलटं सिद्ध झालं नाई तोपर्यंत.”

सोनीबाईचा चेहरा उतरला. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. बँक तिच्या विरुद्ध, राजकुमारची गुलाबी रेघ तिच्या विरुद्ध, आणि आता देशाचा कायदाही जीपसकट तिच्या विरुद्ध.

“आधार दाखवा,” वकील म्हणाले.

तिचं आधार कार्ड तांड्यात शिबिर लागलं होतं तेव्हा निघालं. शिबिराच्या दिवशी ती माहेरी गेली होती. ऑपरेटरनं जन्मसाल विचारलं तेव्हा शेजारी बसलेल्या सुखीबाईनं सांगितलं, “आमच्या विहिरीले पानी लागलं त्या साली.” विहिरीला पाणी दोनदा लागलं होतं. ऑपरेटरनं त्यातलं आधीचं साल धरलं. हे मी दुरुस्त करून घेणार होतो, कधीतरी.

वकिलांनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. “कागदावर तं बाई मोठ्या हाय तुमच्यापेक्षा. चांगल्या मोठ्या हाय. कागद धरला तं साहेबच मांगं राह्यते.”

लग्नात तिच्या चेहऱ्यावर दिसला नव्हता इतका आनंद मला तिथं दिसला. “मंग झालं तं!” ती म्हणाली. “यापुढं आपन कुठंही जाऊ तं संगंच जाऊ.” मी म्हणालो की मी ती तारीख बदलून घेतो, ती चूक आहे. तिनं कार्ड ब्लाउजमध्ये खोचलं आणि तेव्हापासून ते माझ्या नजरेस पडलेलं नाही.

पण खातं अजून तिथंच होतं, एकट्याच्या नावावर. इंदूबाई अजून रोज पिशवी घेऊन जात होत्या. मी रोज त्यांना जाताना पाहत होतो, आणि त्यांच्या जागी मला सोनीबाई दिसत होती. शेवटी मी चिडून, कंटाळून, अक्षरशः हात जोडून तिला म्हणालो की तू नुसती बँकेत चल. सही करू नको. फक्त चल.

उर्वशी मॅडमनं सगळं ऐकून घेतलं. घुगरी-टोपली, गुलाबी रेघ, रडणं, जीप, विहीर. मधेच ती टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकली आणि बराच वेळ वर आली नाही. वर आली तेव्हा तिचे डोळे पाणावलेले होते. हसून की कशानं ते कळलं नाही.

“काकू, दुसराही एक प्रकार असतो,” ती म्हणाली. “‘प्रथम धारक किंवा उत्तरजीवी’. यात पहिलं नाव तुमचं घालू. तुम्ही आहात तोपर्यंत खातं तुम्हीच चालवायचं. काका दुसरे. तुमच्या मागे ते.”

“म्हंजे मी पहिले, न् हे मांगून?”

“कागदावर तसंच.”

“दे इकडं, करतो सही.”

“अहो पण,” मी म्हणालो, “मग मला माझेच पैसे काढता येणार नाहीत!”

“नाही काका. काकू आहेत तोपर्यंत नाही.”

“मांगा ना माह्यापाशी,” सोनीबाई म्हणाली. “मी इतके साल मांगतलेच ना?”

मी विचार केला. मला हवं होतं ते यात होत होतं. उद्या मी गेलो तर खातं तिच्याच हातात, कुणाच्या पाया पडणं नाही. चहाच्या पैशांसाठी बायकोपुढे उभं राहावं लागेल एवढंच. निवृत्त वरिष्ठ लिपिकाची यापेक्षा अधिक शोभा गेल्या पंधरवड्यात झालेली होती. मी हो म्हणालो.

सोनीबाई सही करायला बसली. ती लग्नानंतर लिहायला शिकली. एकेक अक्षर ती दाण्यासारखं वेचून ठेवते. सही झाल्यावर तिनं ती दुरून पाहिली, जवळून पाहिली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

“इथं काका,” मॅडम म्हणाली आणि पेन्सिलनं फुली मारली. “उत्तरजीवी म्हणून.”

मी पेन उचललं. आयुष्यात मी इतक्या सह्या केल्या आहेत की झोपेतही माझा हात बरोबर वळतो. फुलीजवळ पेन टेकवलं, आणि मला आमचं घर दिसलं. कूलर चालू होता. अंगणात सूप होतं, पण ते पाखडत कोणीच नव्हतं. मी खुर्चीत बसलो होतो आणि कुणाला तरी “चहा” म्हणून हाक मारायला तोंड उघडलं होतं. हे राजकुमारच्या रेघांत नव्हतं, वकिलांच्या कायद्यात नव्हतं. मला ते नको होतं. मला ते अजिबात नको होतं.

मी सही केली.

मॅडमनं ती संगणकावरच्या जुन्या सहीशेजारी धरून पाहिली. “काका, जुळत नाहीये.”

दुसरा फॉर्म आला. पुन्हा केली. ‘राठोड’मधला ‘ठ’ नालीकडे चाललेल्या टमाट्यासारखा घरंगळला. तिसरा फॉर्म आला. मी मनगट टेबलाला घट्ट टेकवलं, श्वास रोखला, सही केली. मॅडमनं नुसती मान हलवली. मागे टोकन घेतलेली माणसं कुरकुर करू लागली. पाटबंधारे खात्याच्या निम्म्या कालव्यांवर ज्याची सही आहे, त्या माणसाला दिग्रसच्या बँकेत स्वतःची सही येत नव्हती.

सोनीबाई सगळा वेळ माझ्या हाताकडे पाहत होती. “काहून हो?” तिनं विचारलं, पण तिला कळलेलं होतं.

“मले नाई जमत,” मी म्हणालो. “मले बी नाई जमत.”

 मग उर्वशी मॅडम हळूच म्हणाली, “काका, हात थरथरत असेल तर अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतील. एक मी सही करते.”

रांगेत इंदूबाई होत्याच. त्या नेहमी असतातच. पिशवी काखेत धरून त्या पुढे आल्या आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी सही करायला उभ्या राहिल्या.

मी अंगठा पुढे केला. तोही पॅडच्या अलीकडेच अडला. तेव्हा सोनीबाईनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, आणि कागदावर, पेन्सिलच्या फुलीवर, टेकवून धरला. दोघांनी मिळून एखादा खिळा ठोकावा तसं आम्ही ते केलं. ठसा स्वच्छ उमटला. मॅडमनं कागद ओढून घेतला, शिक्का मारला आणि खातं झालं म्हणून सांगितलं.

सोनीबाईनं पदराच्या टोकानं माझ्या अंगठ्याची शाई पुसली. शाई निघाली तरी ती पुसतच राहिली. मॅडमनं पुढचं टोकन पुकारलं, माणसं आमच्या अंगावरून काउंटरपर्यंत पोचली, कुणीतरी “सरका ना बाप्पा” म्हणालं. मी सरकलो. माझा हात अजून तिच्याचकडे होता.